जुना बास ॲम्प, व्हॉल्यूम शून्यावर तरी हम चालूच. शोधायला सुरुवात कुठून करू?

चौथी_तार

नमस्कार मंडळी, एक जुना बास कॉम्बो हाताशी आलाय, ट्रान्झिस्टरवाला, १५ इंची स्पीकर, मागे इफेक्ट लूपचे (बाहेरची पेडल मध्ये जोडायचे) सेंड-रिटर्न जॅक आणि एक डीआय आउट (थेट मिक्सरला जोडायचा). आवाज दणकट आहे, त्याबद्दल तक्रार नाही, पण वाजवायचं थांबलं की मागे सतत घूंऽऽऽ चालू. गाणं संपून सगळे गप्प झाले की तेवढंच ऐकू येतं आणि सगळे माझ्याकडे बघतात. मास्टर व्हॉल्यूम पूर्ण बंद केला तरी जात नाही, किंचित कमी होतो असं वाटतं पण भास पण असेल. मिक्सरला डीआयने जोडला की अजून वाढतो आणि जरा खरखरीत होतो. केबल बदलून झाली, सॉकेट बदलून झालं, दुसरा बास लावून बघितला, जैसे थे.

ज्याला विचारावं तो म्हणतो सगळे कॅपॅसिटर बदलून टाक. मला सोल्डरिंग येतं, एकदोन पेडल बनवलीत, पण मेन्सवर चालणारं काही आजवर उघडलेलं नाही. बदलायला लागले तर बदलेन, पण नक्की कुठला गेलाय हे न कळता सरसकट हात मारायला मन धजत नाही. न उघडता किती कळू शकतं?

खर्जवाला

न उघडता निम्म्याहून जास्त कळतं, फक्त थोडं शांतपणे ऐकायला लागतं आणि ते कोणी करत नाही, लोक थेट स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसतात.

पहिली गोष्ट म्हणजे सगळे हम सारखे नसतात. मेन्स ५० हर्ट्झचा (काही देशांत ६०, तिथे खालचे आकडे त्या हिशोबाने वाढवा). केबल, पिकअप, ग्राउंड लूप किंवा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकी क्षेत्रातून जो हम शिरतो त्याचं मूळ ५० वर असतं. पण पॉवर सप्लायमध्ये ब्रिज रेक्टिफायर दोन्ही अर्ध्या लाटा वापरतो, त्यामुळे फिल्टर कॅपॅसिटर नीट काम करत नसेल तर जो रिपल, म्हणजे व्होल्टची वरखाली, उरतो तो १०० चा. म्हणजे हम ५० चा की १०० चा एवढं कळलं तरी अर्धा ॲम्प संशयातून सुटला.

आणि आपण बासवाले इथे नशीबवान. मोकळी जी तार ९८ हर्ट्झ, म्हणजे १०० च्या अगदी शेजारी. मोकळी जी हळू वाजवा आणि हमबरोबर ऐका, १०० चा असेल तर सेकंदाला साधारण दोन हेलकावे ऐकू येतील. ५० चा त्याच्या एक सप्तक खाली, ई तारेवर तिसऱ्या पट्टीच्या जीजवळ, ती ४९ ला आहे. पण एक अडचण अशी की ५० च्या हममध्ये पण १०० चा स्वर मिसळलेला असतोच, त्यामुळे नुसत्या कानावर फसायला होतं. म्हणून फोनवर एखादं स्पेक्ट्रम दाखवणारं ॲप घ्या आणि १५० वर टोक दिसतंय का बघा. ५० वाल्याची शिडी ५०, १००, १५०, २०० अशी चढते, रेक्टिफायरवाल्याची १००, २००, ३०० अशी. फोनच्या माइकला ५० फारसं ऐकूच येत नाही, त्यामुळे ५० शोधत बसू नका, १५० आहे की नाही तेवढं बघा.

दुसरं, मास्टर शून्यावर असताना हम तसाच राहत असेल तर तो मास्टरच्या पुढे कुठेतरी शिरतोय, म्हणजे पॉवर ॲम्प (स्पीकर चालवणारा भाग) किंवा सप्लाय. व्हॉल्यूमबरोबर वरखाली होत असेल तर मागे, प्रीॲम्पकडे (बासचा सिग्नल आधी घेणारा भाग). याची खात्री इफेक्ट लूपवरून करा. केबलच्या टोकाची एक जुनी जॅक पिन घ्या, आत टिप आणि बाहेरचा भाग एकमेकांना सोल्डर करून शॉर्ट करा, आणि ती रिटर्नमध्ये घाला. आता पॉवर ॲम्पला मागून काहीच मिळत नाही. हम गेला तर दोष प्रीॲम्पमध्ये, राहिला तर पॉवर ॲम्प नाहीतर सप्लाय. तीच पिन नंतर मुख्य इनपुटला लावून बघा. जुन्या ॲम्पचे स्विचवाले जॅक काळे पडतात, इनपुट मोकळं असताना ते ग्राउंडला टेकायला हवं ते टेकत नाही आणि मग लोक म्हणतात ॲम्प हम करतो. रिटर्न जॅकचं पण तेच, तिथे नुसती सेंडपासून रिटर्नपर्यंत छोटी केबल लावली की कळतं.

तिसरं, डीआयने जोडल्यावर जो वाढतो तो वेगळा प्राणी आहे. दोन्ही एकत्र शोधायला जाऊ नका. आधी मिक्सर पूर्ण सोडवून एकटा ॲम्प तपासा.

एवढं करून इथे लिहा.

रिफवेडा

एवढं कशाला भाऊ, प्लगची अर्थची पिन काढून टाक किंवा टेप लाव, हम शंभर टक्के जातो. सगळे हेच करतात.

व्हॉल्व्हवाला

हे कृपा करून करू नका, आणि कोणाला सांगू पण नका. हम जातो कारण लूप तुटतो, पण त्याच वेळी चॅसिसचा जमिनीकडे जायचा एकमेव सुरक्षित रस्ता पण तुटतो. जुन्या ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरचं इन्शुलेशन किंवा एखादी वायर चॅसिसला टेकली तर अर्थ असताना फ्यूज उडतो, अर्थ नसताना काहीच होत नाही, फक्त चॅसिस लाइव्ह होतं. चॅसिसला केबलची जाळी, जाळीला बासचा ब्रिज, ब्रिजला तारा, आणि तारांवर तुमची बोटं. समोर अर्थ केलेल्या मिक्सरचा माइक ओठांना लागला की रस्ता पूर्ण. एक टोक अर्थवर आणि दुसरं नाही एवढं पुरतं, उलटं असलं तरी तेच. १९७२ मध्ये स्टोन द क्रोज बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी स्वान्सीत स्टेजवर असाच गेला, त्याच्या वेळी माइक नीट अर्थ केलेला नव्हता.

डीआयवर ग्राउंड लिफ्टचा स्विच असतो तो याचसाठी, तो फक्त सिग्नल केबलची जाळी तोडतो, मेन्सच्या अर्थला हात लावत नाही. ॲम्पवर तो नसेल तर ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स मध्ये टाका. आणि मिक्सर नि ॲम्प एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा, लांबलांबच्या दोन सॉकेटवर नको, त्यानेच बराचसा लूप लहान होतो.

झाळकाम

माझं मत विचाराल तर सप्लायचे कॅपॅसिटर बदलून मोकळे व्हा. इलेक्ट्रोलिटिक आतून सुकतात, वीस वर्षांच्या वर गेलेले असतील तर त्यांनी भरपूर साथ दिली म्हणायचं. टेस्टिंगमध्ये आठवडे घालवून शेवटी तेच करायचं असतं. मी जुना ॲम्प उघडला की पहिला तोच हिशोब करतो.

खर्जवाला

@झाळकाम सप्लायचे मोठे दोन असतील तर मी भांडणार नाही, ते थकतात हे खरंच. पण यांना सांगितलंय "सगळे" बदल, त्यात टोन सर्किटमधले छोटे फिल्म कॅपॅसिटर पण आले, ते काही सुकत नाहीत. आणि जुन्या पीसीबीवर पन्नास ठिकाणी सोल्डर काढून परत मारायचं म्हणजे पन्नास ठिकाणी तांब्याचा पट्टा उखडायची संधी. एक दोष घेऊन बसलेला माणूस उठताना तीन घेऊन उठतो. आणि दोष कॅपॅसिटरमध्ये नसून ब्रिज रेक्टिफायरमध्ये असेल तर नवीन टाकून पण हम तिथेच.

चौथी_तार

सगळं करून बघितलं. रिफवेडा, सल्ल्याबद्दल आभारी आहे पण अर्थ पिन जागेवरच ठेवली.

मिक्सर सोडवल्यावर तो खरखरीत भाग पूर्ण गेला, उरला तो गुळगुळीत नाही पण स्थिर असा हम. जी तारेबरोबर हेलकावे स्पष्ट ऐकू येतात, सेकंदाला दोनच्या आसपास. ॲपवर १००, २००, ३०० आणि ४०० ला टोकं, १५० ला काही नाही. रिटर्नमध्ये शॉर्ट पिन घातली तरी तसाच. इनपुटला घातली तरी तसाच. मास्टरने किंचित बदलतो म्हणत होतो तो भासच असावा.

अजून एक विचित्र गोष्ट, काल वाजवताना खालच्या ई वर जोरात काही वाजवलं की नंतर हम काही सेकंद कमी झाला आणि मग परत आला. एकदा तर जवळजवळ गेला. हे काय आहे?

खर्जवाला

ही शेवटची ओळ आधी लिहायची होती हो, सगळ्यात जास्त माहिती त्यातच आहे. सुकलेला कॅपॅसिटर खालची ई वाजवल्याने बरा होत नाही. कंपनांनी बदलणारा दोष म्हणजे कुठेतरी जॉइंट सुटलाय. कॉम्बोमध्ये ॲम्पची चॅसिस आणि १५ इंची स्पीकर एकाच खोक्यात, वर्षानुवर्षं तो बोर्ड हादरतोय, आणि त्या बोर्डवर सगळ्यात जड काय उभं असतं तर ते फिल्टर कॅपॅसिटरचे मोठे डबे. त्यांच्या पायाखालचं सोल्डर गोल फाटतं. १०० हर्ट्झ, व्हॉल्यूमने न बदलणारा, कंपनांनी बदलणारा, तीनही गोष्टी एकाच जागेकडे बोट दाखवतात.

आता उघडायला लागेल. आधी सुरक्षेचं, व्हॉल्व्हवाला अजून नीट सांगतील पण थोडक्यात. स्विच बंद करणं पुरेसं नाही, प्लग काढून नजरेसमोर ठेवायचा, कारण स्विच बंद असला तरी स्विचपर्यंतच्या वायरी, फ्यूज होल्डर हे सगळं लाइव्हच असतं. मग मोठे कॅपॅसिटर रिकामे करा. तुमच्यासारख्या ॲम्पमध्ये साधारण अधिक-उणे ३५ ते ४५ व्होल्ट असतात, त्याने माणूस सहसा मरत नाही पण ड्रायव्हरने शॉर्ट केलं तर ठिणगी उडून टोक वितळतं आणि कॅपॅसिटरलाही ते चांगलं नाही. १०० ओहम ५ वॉटचा रेझिस्टर, टोकांना इन्शुलेटेड क्लिप, काही सेकंद धरा आणि मीटरने शून्य बघितल्याशिवाय बोट घालू नका.

मोजायचं काय ते सांगतो. आधी डीसीवर, दोन्ही रेल (सप्लायच्या अधिक आणि उणे लाइनी) ग्राउंडच्या तुलनेत. साधारण सारखे हवेत. मग स्पीकरच्या टोकांवर डीसी, काही दहा मिलिव्होल्ट असेल तर ठीक, व्होल्टमध्ये असेल तर स्पीकर लगेच सोडवा, तिथे आउटपुट ट्रान्झिस्टरच गेलाय आणि विषय वेगळा.

मग मीटर एसीवर टाकून त्याच दोन रेलवर रिपल मोजा. फिल्टर कॅपॅसिटर म्हणजे पाण्याची टाकी समजा, सेकंदाला शंभर वेळा भरते आणि मधल्या वेळात ॲम्प त्यातून पितो, टाकी लहान झाली किंवा तिचा नळ चोंदला की पातळी वरखाली होते. ४७०० मायक्रोफॅरड असेल आणि ॲम्प नुसता बसून ०.१ ॲम्पिअर खात असेल तर वरखाली साधारण ०.२ व्होल्ट होईल, मीटर ते ०.०६ च्या आसपास दाखवेल कारण तो टोकापासून टोक मोजत नाही. इतकं रिपल बरा पॉवर ॲम्प सहज पचवतो. एका रेलवर एवढं आणि दुसऱ्यावर त्याच्या दहापट असेल तर आरोपी सापडला.

मीटर स्वस्तातला असेल तर आधी ९ व्होल्टची बॅटरी एसी रेंजवर मोजून बघा. शून्य दाखवलं तर ठीक. वीसच्या आसपास काहीतरी दाखवलं तर तो मीटर डीसी अडवत नाही आणि रिपलचे आकडे कचरा येतील.

व्हॉल्व्हवाला

यात भर घालतो. पहिल्यांदा उघडताय तर सिरीज लॅम्प करून घ्या. ६० किंवा १०० वॉटचा जुना फिलामेंटवाला बल्ब ॲम्पच्या लाइव्ह वायरीत सिरीजमध्ये, एलईडी चालणार नाही. चालू केल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर आत शॉर्ट नाही. भगभगीत पेटून तसाच राहिला तर बंद करा, बल्बने तुमचा ट्रान्सफॉर्मर वाचवला. बल्ब मध्ये असताना रेलचे व्होल्ट थोडे कमी दिसतील, मोजमाप घेताना काढा.

चालू ॲम्पवर मोजताना काळी क्लिप ग्राउंडला लावून सोडून द्यायची, एकाच हाताने लाल प्रोब, दुसरा हात मागे किंवा खिशात. अंगठी, घड्याळ काढून ठेवा. घाईत असाल तर त्या दिवशी उघडूच नका.

तांबडा_दिवा

मध्येच घुसतोय माफ करा, माझा पण बास हेडच आहे पण व्हॉल्व्हचा. त्यात ५० वाला हम, १५० चं टोक दिसतंय, आणि तो व्हॉल्यूमबरोबर वाढतो. बास काढून इनपुटला शॉर्ट पिन लावली तरी आहे. हे सगळं मला पण लागू होतं का?

व्हॉल्व्हवाला

तुमचं उलट्या दिशेने. ५० चा आणि व्हॉल्यूमबरोबर बदलणारा, इनपुट शॉर्ट करून पण राहणारा, म्हणजे पहिल्या एकदोन व्हॉल्व्हचे हीटर. त्यांना ६.३ व्होल्ट एसी जातो, तोच सिग्नलमध्ये गळतोय. पहिलं काम फुकट आहे, पहिला प्रीॲम्प व्हॉल्व्ह दुसऱ्या त्याच नंबरच्या व्हॉल्व्हशी अदलाबदल करून बघा, हीटर आणि कॅथोडमध्ये (हीटरने तापणारा भाग) गळती असलेला व्हॉल्व्ह असेल तर हम त्याच्याबरोबर जागा बदलेल. हे ॲम्प बंद करून, थंड झाल्यावर.

फरक पडला नाही तर हीटरच्या वायरिंगला जमिनीचा संदर्भ आहे का बघायचं. काही ट्रान्सफॉर्मरला हीटर वाइंडिंगचा मधला टॅप असतो, काहींत नसतो आणि त्याऐवजी १०० ओहमचे दोन रेझिस्टर दोन्ही बाजूंनी ग्राउंडला लावलेले असतात. कधीतरी आउटपुट व्हॉल्व्ह शॉर्ट झाला की तेच जळतात, व्हॉल्व्ह बदलून ॲम्प चालू होतो, पण रेझिस्टर कोणी बघत नाही आणि हम कायमचा राहतो. मी असे बरेच बघितलेत. काही ॲम्पला मागे हम बॅलन्सचा छोटा पॉट असतो, तो फिरवून सगळ्यात कमी हमची जागा शोधायची. हीटरच्या दोन्ही वायरी एकमेकींत घट्ट पिळलेल्या आणि सिग्नलपासून लांब कोपऱ्याने गेलेल्या हव्यात, कोणी दुरुस्ती करताना त्या सरळ करून ठेवल्या असतील तर तेवढंच कारण पुरतं.

तुमचा हम व्हॉल्यूमने न बदलणारा असता तर मी आधी आउटपुट व्हॉल्व्हची जोडी आणि बायस सप्लाय (त्या व्हॉल्व्हचा करंट ठरवणारा) बघायला सांगितलं असतं. पुशपुल (दोन व्हॉल्व्ह उलटसुलट काम करणाऱ्या) आउटपुटमध्ये दोन्ही बाजूंचा रिपल एकमेकांना मारतो, पण दोन्ही व्हॉल्व्ह सारखा करंट घेत असतील तरच. एक थकला की मारामारी अर्धवट राहते आणि जो हम आधीपासून होता तो अचानक ऐकू यायला लागतो. बायसच्या सर्किटमध्ये एक छोटासा कॅपॅसिटर असतो, सगळे मोठे बदलतात आणि त्याला विसरतात, आणि त्याचा रिपल तर थेट ग्रिडवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या इनपुटवर जातो.

आणि व्हॉल्व्हवाल्यांसाठी दोन गोष्टी ठळक अक्षरात. स्पीकर किंवा योग्य लोड न जोडता व्हॉल्व्ह ॲम्प चालवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. ट्रान्झिस्टरवाल्याला बहुतेक वेळा चालतं म्हणून ही सवय लागते. दुसरं, आत ४०० ते ५०० व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावर पण कॅपॅसिटरमध्ये राहतो. तिथे १० किलोओहमचा ५ किंवा १० वॉटचा रेझिस्टर, पाचदहा सेकंद, मग मीटर, आणि थोड्या वेळाने परत मीटर कारण मोठे कॅपॅसिटर रिकामे केले तरी थोडे आपोआप परत चढतात. रेक्टिफायर व्हॉल्व्ह असेल, समजा जीझेड३४, तर पहिला फिल्टर कॅपॅसिटर ६० मायक्रोफॅरडच्या वर नेऊ नका, त्याच्या डेटाशीटची मर्यादा तेवढीच आहे, जास्त टाकलं की तो व्हॉल्व्ह ठिणग्या टाकायला लागतो.

हे वाचून पोटात गोळा आला असेल तर ते योग्यच आहे, अदलाबदलीपर्यंत स्वतः करा आणि पुढचं जाणकाराकडे द्या.

चौथी_तार

उघडलं. सिरीज लॅम्प लावून, बल्ब उजळून मंद झाला, जीव भांड्यात पडला.

आकडे: अधिक रेल ३९ व्होल्ट, उणे रेल ३७ च्या जरा खाली. स्पीकरवर १४ मिलिव्होल्ट. रिपल अधिकवर ०.०७, उणेवर १.३ आणि तो आकडा स्थिर नाही, नाचतोय. प्लास्टिकच्या काडीने उणे बाजूच्या कॅपॅसिटरच्या डोक्यावर हलकेच दाबलं तर हम गेला!! सोडलं की परत. मी ते दहा वेळा तरी केलं असेल, फारच समाधान वाटत होतं.

प्लग काढून, रिकामं करून बोर्ड उलटा केला. आधी काही दिसलं नाही, सोल्डर चकचकीत. मग फोनच्या कॅमेऱ्याने झूम करून टॉर्च तिरका धरला तेव्हा कॅपॅसिटरच्या एका पायाभोवती केसाएवढी काळी गोल रेघ दिसली, पाय मध्ये आणि सोल्डर बाजूला, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. दाबलं की पाय हलताना दिसतो. दुसऱ्या कॅपॅसिटरला पण तशीच रेघ सुरू झालीय पण पूर्ण गोल नाही.

आता यावर वरून सोल्डर वितळवलं की झालं का?

झाळकाम

नुसतं वितळवू नका. जुनं सोल्डर पंपाने किंवा विकने (सोल्डर शोषणारी तांब्याची जाळी) पूर्ण काढा, पाय तांब्याच्या ब्रशने किंवा पातीने जरा खरवडा कारण त्यावर इतकी वर्षं काळा थर बसलाय, फ्लक्स लावा आणि नवीन भरपूर सोल्डर. जुन्या थरावर वितळवलं तर दोन महिन्यांत परत तिथेच याल.

आणि पाय मोकळे झालेच आहेत तर आता तरी नवीन कॅपॅसिटर टाकाल ना? तेच मायक्रोफॅरड, व्होल्ट तेवढेच किंवा वरचे, १०५ डिग्रीवाले, पायांमधलं अंतर मोजून घ्या. ध्रुव उलटे लावू नका, उणे रेलच्या कॅपॅसिटरचा अधिक पाय ग्राउंडला असतो, तिथे हमखास घोळ होतो. जुना काढायच्या आधी फोटो.

खर्जवाला

आता टाका, यावेळी झाळकामशी पूर्ण सहमत. पण चौपट मोठे टाकून हम "अजून" कमी करू म्हणू नका, चालू करताना ब्रिजवर आणि फ्यूजवर झटका वाढतो, मिळत काही नाही.

ब्रिजचे चारही डायोड पण मीटरच्या डायोड मोडवर बघून घ्या, एका बाजूने ०.५ ते ०.६ आणि उलट्या बाजूने काहीच नाही असं यायला हवं. हे सांगायचं कारण, पुढे हा धागा वाचणाऱ्यांसाठी: ब्रिजमधला एक डायोड उघडा पडला तर त्या रेलला अर्धीच लाट मिळते आणि रिपल १०० ऐवजी ५० चा होतो. मग माणूस १५० चं टोक बघून म्हणतो हा सप्लायचा नाही, आणि केबल नि जॅक साफ करत बसतो. ५० चा असून शॉर्ट पिन लावलेल्या रिटर्नवर पण राहत असेल तर ब्रिज बघा.

तसंच ती टोपी उघडी आहे तोवर १५ व्होल्टच्या छोट्या सप्लायचे रेझिस्टर बघा, प्रीॲम्पसाठी मोठ्या रेलमधून व्होल्ट पाडणारे. ते गरम चालतात, खालचा बोर्ड तपकिरी झालेला असतो आणि सोल्डर निस्तेज. तिथेही नवीन सोल्डर मारून घ्या.

चौथी_तार

झालं मंडळी. दोन्ही कॅपॅसिटर नवे, पाय साफ करून सोल्डर, ते तपकिरी रेझिस्टर पण परत सोल्डर केले, डायोड चारही ठीक होते. आता रिपल दोन्ही रेलवर ०.०६. मास्टर शून्यावर कान स्पीकरला लावला तर नुसता बारीक सूं येतो, चालू आहे की बंद ते दिव्यावरून बघायला लागतं. डीआयला ग्राउंड लिफ्ट होताच, दाबायचा राहिला होता, मिक्सरवरचा खरखराट पण गेला.

एकच उरलंय. बास लावून व्हॉल्यूम वाढवला की थोडा हम येतो, मी ॲम्पसमोर उभं राहून वळलो की कमीजास्त होतो, आणि तारांना हात लावला की अजून कमी. बासला दोन सिंगल कॉइल पिकअप आहेत. हा ॲम्पचा नाही ना?

खर्जवाला

नाही, हा बासचा आणि त्याला दोष पण म्हणता येणार नाही. वळल्यावर बदलतो तो भाग ट्रान्सफॉर्मरचं चुंबकी क्षेत्र सिंगल कॉइलमध्ये शिरतंय तो, दोन पावलं मागे जा किंवा तिरके उभे राहा. दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम पूर्ण आणि सारखे ठेवा. जॅझ बाससारख्या रचनेत बहुतेक वेळा एक कॉइल उलट दिशेने गुंडाळलेली आणि चुंबक उलटे असतात, त्यामुळे दोन्ही सारखे असले की हम एकमेकांना मारतात, एक जरा कमी केला की परत येतो. प्रिसिजन बासला १९५७ पासून तुकड्यात विभागलेला पिकअप आहे तो याच तत्त्वावर, म्हणून त्या वाजवणाऱ्यांना हा प्रश्न पडत नाही. तारांना हात लावल्यावर कमी होतो तो भाग मात्र शिल्डिंगचा, बासच्या पोकळीत तांब्याची पट्टी चिकटवून ती ग्राउंडला जोडली की तो बराच जातो. पण वळल्यावर बदलणाऱ्यावर त्या पट्टीचा काही परिणाम होत नाही, तेवढ्यासाठी लावू नका.

झाळकाम

आणि चॅसिस परत खोक्यात घालायच्या आधी त्या दोन कॅपॅसिटरच्या बुडाशी सिलिकॉनचा एक एक गोळा लावून बोर्डला चिकटवा, नाहीतर स्पीकर परत हादरवणार आणि परत तीच रेघ. फक्त व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको, त्यातलं आम्ल तांबं खातं, न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या. रात्रभर सुकू द्या मग खोक्यात घाला.